मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन : दार न उघडता बाहेरच्याशी बोलण्याची सोय शोधणारी नर्स

व्हिडिओ डोअरबेल ही आता काही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. बेल वाजली की फोनवर नोटिफिकेशन येतं, स्क्रीनवर बाहेरचा माणूस दिसतो आणि माइकचं बटण दाबून आपण ऑफिसात बसूनच त्याला पार्सल शेजारी द्यायला सांगतो. यातला कॅमेऱ्याचा भाग बहुतेकांना माहीत असतो, कारण मेगापिक्सेल आणि नाइट व्हिजन खोक्यावरच मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. पण त्या बोलण्याचं काय? दोन्ही बाजूंनी बोलता येणं, म्हणजे टू-वे व्हॉइस, नेमकं चालतं कसं?

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे आणि व्हॉइस कॉलचा कोड हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे हे तंत्र मला सोपं करून सांगायचंच होतं. पण नुसतं तंत्र सांगण्यापेक्षा एका बाईंची गोष्ट सांगते, कारण त्या गोष्टीत हे तंत्र का लागलं तेही कळतं. घराच्या दारावर कॅमेरा, आत टीव्ही आणि दोन्हीकडून बोलणं, हे सगळं एकत्र आणणाऱ्या पेटंटवर पहिलं नाव या बाईंचं आहे. त्या इंजिनियर नव्हत्या, शास्त्रज्ञही नव्हत्या. त्या नर्स होत्या. नाव, मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन.

क्वीन्समधलं घर

मेरी यांचा जन्म २२ ऑक्टोबर १९२२ चा, न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागातला. त्या आफ्रिकन-अमेरिकन होत्या. मोठ्या झाल्यावर त्यांनी नर्सचं काम धरलं. लग्न झालं ते अल्बर्ट ब्राउन यांच्याशी. अल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्स टेक्निशियन होते. दोघं क्वीन्समधल्याच जमैका या भागात राहायचे आणि त्यांना दोन मुलं होती.

आता नर्स आणि टेक्निशियन, दोघांच्याही कामाची वेळ ठरलेली नाही. कधी मेरी रात्री उशिरा घरी यायच्या, कधी अल्बर्ट रात्रभर बाहेर असायचे. म्हणजे कित्येक रात्री मेरी घरात एकट्या मोठ्या माणूस. त्यातच १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये गुन्हेगारी वाढत चालली होती आणि त्यांच्या भागात पोलिसांना बोलावलं तरी ते पटकन यायचे नाहीत. आज अमेरिकेत सगळ्यांना पाठ असलेला ९११ हा नंबरही तेव्हा नव्हता. त्या नंबरवरचा पहिला कॉल फेब्रुवारी १९६८ मध्ये अलाबामा राज्यातल्या हेलीव्हिल गावात लागला आणि न्यूयॉर्क शहरात ही सोय त्याच वर्षी पुढे सुरू झाली. मेरी आणि अल्बर्ट यांनी आपल्या शोधाचा अर्ज केला तो त्याच्या दोन वर्षं आधी.

शिफ्टमध्ये काम करणाऱ्या आणि एकट्या राहणाऱ्या कुणालाही ही परिस्थिती वेगळी समजावून सांगायला नको. रात्री दारावर टकटक होते. उघडायचं की नाही?

दाराजवळ जाणं हाच धोका

दाराला भिंग असलं तरी अडचण सुटत नाही. भिंगातून बघायचं तर दाराला अगदी चिकटून उभं राहावं लागतं. बाहेरच्याला पावलांचा आवाज येतो, भिंगातला उजेड झाकला गेलेला दिसतो, म्हणजे आत कोणीतरी आहे हे त्याला कळतं. शिवाय भिंग एकाच उंचीवर. बाहेरचा वाकला, बाजूला सरकला किंवा लहान मूल असलं तर काहीच दिसत नाही. आणि कोण आहे असं विचारायचं तर तेही दाराआडूनच. दार पातळ असेल तर आतल्या माणसात आणि बाहेरच्यात अंतर उरतं ते लाकडाच्या एका फळीचं.

मला मेरी यांच्या शोधातली सगळ्यात हुशार गोष्ट इथेच दिसते. त्यांनी कुलूप जाड करायचा विचार केला नाही. त्यांनी अंतर वाढवायचा विचार केला. बघणं, विचारणं आणि दार उघडणं ही तीन कामं दारापाशी न जाता, बेडरूममध्ये बसून करता आली पाहिजेत. एवढी मागणी नीट मांडली की कोणती उपकरणं लागतील ते आपोआप ठरतं.

त्याआधी काय होतं?

चोर आला की घंटा वाजवणारे विजेवरचे अलार्म अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून होते. बोस्टनच्या एडविन होम्स यांनी १८५० च्या दशकात तो धंदा सुरू केला. गंमत म्हणजे टेलिफोन आल्यावर १८७७ मध्ये त्यांच्या मुलाने बोस्टनमध्ये याच अलार्मच्या तारांवर काही ग्राहकांचे टेलिफोन जोडून दिले. म्हणजे दिवसा ज्या तारेवरून माणसं बोलायची तीच तार रात्री चोराची वर्दी द्यायची. पण अलार्म म्हणून त्या तारेला एकच शब्द बोलता यायचा, दार उघडलं. कोणी उघडलं, का उघडलं, हे विचारायची सोय नव्हती.

क्लोज्ड सर्किट टीव्ही, म्हणजे सीसीटीव्ही, हाही तेव्हा जुना झाला होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने रॉकेटचं उड्डाण लांबून बघण्यासाठी तो वापरला होता. पण तो लष्कराकडे आणि मोठ्या कंपन्यांकडे असायचा. बघणारे वेगळे, ज्यांच्याकडे बघितलं जातं ते वेगळे.

आणि चित्र अधिक आवाज? तेही होतं. १९६४ साली न्यूयॉर्कला जागतिक प्रदर्शन भरलं, तेही क्वीन्समध्येच, फ्लशिंग मेडोज इथे. तिथे बेल कंपनीने पिक्चरफोन मांडला होता, आपल्या व्हिडिओ कॉलचा पणजोबाच म्हणा. त्याच वर्षी न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि शिकागो इथे पिक्चरफोनची सार्वजनिक केंद्रं उघडली. न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला तीन मिनिटं बोलायचे १६ डॉलर! साहजिकच लोक फारसे फिरकले नाहीत.

म्हणजे घंटा होती, कॅमेरा होता, व्हिडिओ कॉलही होता. पण घरात रात्री एकट्या असलेल्या बाईच्या हातात यातलं काहीच नव्हतं.

१ ऑगस्ट १९६६ चा अर्ज

त्या दिवशी मेरी आणि अल्बर्ट यांनी पेटंटसाठी अर्ज केला. गरज ओळखली मेरी यांनी आणि इलेक्ट्रॉनिक्सची बाजू सांभाळायला अल्बर्ट सोबत होते. अर्जातली यंत्रणा थोडक्यात अशी.

दाराला एकाखाली एक अशी चार भोकं, प्रत्येकात भिंग. दाराच्या आतल्या बाजूला मोटरवर वर-खाली सरकणारा कॅमेरा. उंच माणूस आला तर कॅमेरा वरच्या भोकाशी न्यायचा, लहान मूल असेल तर खालच्या. आज आपल्याकडे वाइड अँगल लेन्स आहे, म्हणून एकाच भोकातून पायापासून डोक्यापर्यंत सगळं दिसतं. त्या काळचे कॅमेरे व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारे आणि बोजड, त्यामुळे कॅमेराच हलवायचा असा साधा मार्ग त्यांनी काढला.

कॅमेऱ्यातलं चित्र रेडिओ लहरींनी आतल्या टीव्ही मॉनिटरवर यायचं. मॉनिटर बेडरूममध्ये ठेवता येत होता. बाहेर आणि आत, दोन्हीकडे आवाजाची सोय, म्हणजे माइक आणि स्पीकर. बाहेरचा ओळखीचा निघाला तर लांबूनच दाराचं कुलूप उघडायचं बटण. आणि संशय आला तर दुसरं बटण, जे दाबलं की रेडिओवरून थेट पहारेकऱ्याकडे किंवा पोलिसांकडे धोक्याची सूचना जाणार.

हे सगळं आजच्या भाषेत वाचा. कॅमेरा, वायरलेस व्हिडिओ, टू-वे ऑडिओ, स्मार्ट लॉक, पॅनिक बटण. एकाच अर्जात पाचही!

मग दोन्हीकडून बोलणं चालतं कसं?

आता थोडं तंत्राकडे वळू. सगळ्यात साध्या इंटरकॉमपासून सुरुवात करते.

माइक आवाजाची वीज बनवतो आणि स्पीकर विजेचा आवाज बनवतो. दोघांची रचना इतकी सारखी असते की जुन्या साध्या इंटरकॉममध्ये एकच स्पीकर दोन्ही कामं करायचा. त्याच्या पडद्यावर आवाज आदळला की मागची तारेची गुंडाळी चुंबकाजवळ हलते आणि बारीकशी वीज तयार होते. म्हणजे तो माइक झाला. तीच गुंडाळी विजेने हलवली की तो पुन्हा स्पीकर. मध्ये एक बटण असायचं. दाबलं की बोला, सोडलं की ऐका. याला हाफ डुप्लेक्स म्हणतात. एका वेळी एकच बाजू. वॉकी-टॉकी असाच चालतो. स्वस्तातल्या डोअरबेलच्या अॅपमध्ये माइकचं बटण दाबून धरावं लागतं, तेही हेच.

दोघांनाही एकाच वेळी बोलता आणि ऐकता आलं तर ते फुल डुप्लेक्स. फोनवर आपण असंच बोलतो, मध्येच एकमेकांना तोडतो, हं हं करतो. मग प्रत्येक डोअरबेलमध्ये हेच का देत नाहीत? कारण मध्ये एक शत्रू आहे, एको.

गणपतीच्या मांडवात माइक स्पीकरसमोर गेला की कुईईई असा जीवघेणा आवाज येतो ना, तोच हा प्रकार. स्पीकरमधला आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून येतो, पुन्हा माइकमध्ये, आणि चक्र सुरू. डोअरबेलच्या छोट्याशा डबीत तर स्पीकर आणि माइक एकमेकांना चिकटूनच बसलेले. समजा दोघांत ४ सेंटिमीटर अंतर आहे आणि पाहुणा १ मीटरवर उभा आहे. म्हणजे पाहुण्याचं तोंड माइकपासून स्पीकरच्या २५ पट लांब. दोघांचा आवाज सारखाच मोठा धरला तरी अंतराच्या या फरकामुळे स्पीकरचा आवाज माइकला साधारण २८ डेसिबलने जास्त ऐकू येतो. माइकच्या कानाशीच कोणीतरी ओरडतंय आणि त्यातून त्याला लांबचा पाहुणा ऐकायचाय, अशी अवस्था.

एको पुसायची युक्ती

योगायोग बघा. मेरी आणि अल्बर्ट अर्ज करत होते त्याच सुमारास हडसन नदीपलीकडे न्यू जर्सीत, बेल लॅब्जमध्ये, या एकोवर काम चाललं होतं. तिथलं कारण वेगळं होतं. १९६५ मध्ये अर्ली बर्ड नावाचा उपग्रह सोडला गेला आणि त्याच्यामार्फत टेलिफोनचे कॉल जाऊ लागले. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, आणि पलीकडून परतलेला एको आपल्याला ऐकू यायला अर्धा सेकंद. स्वतःचंच बोलणं अर्ध्या सेकंदाने कानावर पडलं तर माणूस अडखळतोच.

भारतात शिकून अमेरिकेला गेलेले मनमोहन सोंधी हे या कामातलं एक महत्त्वाचं नाव. आपोआप जुळवून घेणाऱ्या एको कॅन्सलरवरचा त्यांचा शोधनिबंध १९६७ साली प्रसिद्ध झाला. युक्ती सांगायला सोपी आहे. स्पीकरला कोणता आवाज पाठवला ते यंत्राला आधीच माहीत असतं. मग तो आवाज माइकपर्यंत पोहोचेल तेव्हा कसा ऐकू येईल याचा अंदाज बांधायचा आणि माइकच्या आवाजातून तो अंदाज वजा करायचा. वजाबाकी करूनही एको थोडा उरला तर अंदाज चुकला. मग उरलेल्या आवाजावरून अंदाज सुधारायचा. असं सेकंदाला हजारो वेळा. तेव्हा ही युक्ती टेलिफोनच्या तारांमधल्या एकोसाठी होती. पुढे स्पीकर आणि माइकमधल्या एकोसाठीही तेच तत्त्व वापरलं गेलं.

हिशोब किती लागतो बघा. आवाजाचे सेकंदाला १६,००० नमुने घेतले आणि एको १०० मिलिसेकंद रेंगाळतो असं धरलं, तर अंदाजासाठी १,६०० आकडे सांभाळावे लागतात. प्रत्येक नमुन्यासाठी १,६०० गुणाकार, म्हणजे सेकंदाला २ कोटी ५६ लाख. आकडे सुधारायचं काम वेगळंच. कामाला लागल्यावर आम्ही गणिताच्या क्लृप्त्या लावून हे ओझं बरंच कमी करतो, आणि आज नखाएवढी चिप ते बसल्याजागी करते. पण १९६६ मध्ये हे घराच्या दारावर करणं केवळ अशक्य होतं. म्हणूनच बटण दाबून आळीपाळीने बोलणं हा त्या काळचा व्यवहारी मार्ग होता.

यातला सगळ्यात अवघड क्षण म्हणजे दोघं एकदम बोलतात तो. तेव्हा माइकमध्ये उरलेला आवाज हा एको आहे की पाहुणा, हे यंत्राला कळेनासं होतं. पाहुण्यालाच एको समजून पुसून टाकलं तर त्याचे शब्द तुटतात. डोअरबेलवर बोलताना समोरच्याचं अर्धं वाक्य गिळल्यासारखं झालं, तर बऱ्याचदा दोष नेटचा नसतो, या गोंधळाचा असतो.

तुमच्या एका शब्दाचा प्रवास

आजच्या डोअरबेलमध्ये पाहुणा हॅलो म्हणाला की काय काय होतं? माइक सेकंदाला १६,००० नमुने घेतो. २० मिलिसेकंदांचा, म्हणजे ३२० नमुन्यांचा, एक तुकडा पाडला जातो. एको आणि वाऱ्याचा आवाज पुसला जातो. मग कोडेक तो तुकडा दाबून लहान करतो. कच्चा आवाज सेकंदाला २५६ किलोबिट खातो, तर ओपससारखा कोडेक साधारण त्याच्या दहाव्या हिश्श्यात स्पष्ट बोलणं बसवतो. त्या तुकड्याला कुलूप लावलं जातं, म्हणजे एन्क्रिप्शन, आणि तो इंटरनेटवर सुटतो.

इथे दुसरी अडचण. तुमची डोअरबेल घरच्या राउटरच्या मागे आणि तुमचा फोन मोबाइल कंपनीच्या नेटवर्कच्या मागे. दोघांनाही एकमेकांचा पत्ता माहीत नाही. मध्ये एक सर्व्हर दोघांना पत्ते कळवतो. थेट रस्ता जुळला तर ठीक, नाहीतर सगळा आवाज त्या सर्व्हरमार्फतच फिरतो. फोनवर तुकडे पुढेमागे पोहोचतात, म्हणून ते क्षणभर रांगेत थांबवून क्रमाने वाजवले जातात. हे सगळं १५० मिलिसेकंदांच्या आत झालं तर संवाद नैसर्गिक वाटतो. त्याहून बराच उशीर झाला की दोघंही एकदम बोलायला लागतात आणि मग दोघंही थांबतात.

घरच्या अलार्मच्या यंत्रणेतही टू-वे व्हॉइस असतो, फक्त फोन फिरतो उलट दिशेने. सेन्सरने धोका ओळखला की पॅनल स्वतःच कंपनीच्या नियंत्रण कक्षाला कॉल लावतं. तिथला माणूस पॅनलच्या स्पीकरवरून घरात कोण आहे, सगळं ठीक आहे का, हे विचारतो. मांजराने फुलदाणी पाडली असेल तर पोलिसांची फेरी वाचते. खरंच कोणी पडलं असेल, हात फोनपर्यंत पोहोचत नसेल, तरी मदत मागता येते. होम्स यांच्या तारेला जो एकच शब्द यायचा, त्यात आता प्रश्न आणि उत्तर आलं.

पेटंट मिळालं, पुढे?

२ डिसेंबर १९६९ रोजी मेरी आणि अल्बर्ट यांना पेटंट मिळालं, क्रमांक ३४,८२,०३७. त्याच वर्षी जुलैमध्ये माणूस चंद्रावर उतरला होता. चारच दिवसांनी, ६ डिसेंबरला, न्यूयॉर्क टाइम्सने या शोधाची बातमी छापली. एकटी बाई बटण दाबून लगेच मदत मागू शकेल हा मुख्य उपयोग तर होताच, पण डॉक्टरांच्या दवाखान्यात ही यंत्रणा बसवली तर औषधांसाठी होणाऱ्या लुटीही टळतील, असंही मेरी यांच्या डोक्यात होतं. हा विचार नर्सलाच सुचणार. नवरा-बायकोला उत्पादक आणि घरं बांधणारे बिल्डर यांचा रस जागा करायचा होता.

पण ती यंत्रणा घरोघरी पोहोचली नाही. टीव्ही कॅमेरा, मॉनिटर, मोटर, रेडिओ, हे सगळं तेव्हा सामान्य घराच्या खिशाबाहेरचं होतं. आणि पेटंटला मुदत असते. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे मंजुरीपासून १७ वर्षं. म्हणजे १९८६ च्या डिसेंबरमध्ये हक्क संपले. स्वस्त कॅमेरा चिप, वायफाय आणि स्मार्टफोन हे तिन्ही एकत्र यायला अजून वीस-पंचवीस वर्षं बाकी होती. घरच्या सुरक्षेची बाजारपेठ उभी राहिली तेव्हा ब्राउन दांपत्याच्या हाती तो हक्क उरलेला नव्हता. नंतरच्या अनेक पेटंटांनी मात्र त्यांच्या पेटंटचा आधार म्हणून उल्लेख केला आहे.

मेरी शेवटपर्यंत क्वीन्सच्याच राहिल्या. २ फेब्रुवारी १९९९ रोजी वयाच्या ७६ व्या वर्षी त्या गेल्या. त्यांची मुलगीही नर्स झाली आणि तिनेही शोध लावले. मेरी गेल्या त्याच वर्षी, सप्टेंबरमध्ये, ८०२.११बी हे वायफायचं मानक मंजूर झालं. घराघरात वायफाय नेलं ते त्यानेच. आजच्या डोअरबेल ज्या रस्त्यावरून धावतात तो रस्ता मेरी गेल्यावर काही महिन्यांनी तयार झाला.

बटण कोणाच्या हातात?

मेरी यांची यंत्रणा पुन्हा एकदा डोळ्यासमोर आणा. कॅमेरा कुठे न्यायचा ते घरातली बाई ठरवते. बोलायचं की गप्प बसायचं ते तीच ठरवते. दार उघडायचं, पोलिसांना कळवायचं, सगळी बटणं तिच्याच हातात. चित्र आणि आवाज दारापासून बेडरूमपर्यंत जातात, आणि बाहेर गेलीच तर तिने पाठवलेली धोक्याची सूचना.

आज तो आवाज कुठल्या तरी सर्व्हरवरून फिरून येतो. सोय मोठी आहे, हे मी नाकारत नाही. दुसऱ्या शहरात बसून आईच्या दारावर कोण आलंय ते बघता येतं, ही लहान गोष्ट नाही. पण बटण अजून आपल्याच हातात आहे का, हे तपासणं आपलं काम आहे. डोअरबेल घेताना किंवा घरी असलेली वापरताना एवढं नक्की बघा.

१. फुल डुप्लेक्स आहे की बटण दाबून धरावं लागतं? दुकानात किंवा मित्राच्या घरी दोघांनी एकदम बोलून बघा. शब्द तुटतात का, लगेच कळेल.

२. एन्क्रिप्शन फक्त सर्व्हरपर्यंत आहे की थेट तुमच्या फोनपर्यंत? दुसऱ्या प्रकारात मधल्या कंपनीलाही तुमचं बोलणं ऐकता येत नाही. काही अॅपमध्ये ही सोय असते पण बंद ठेवलेली असते, सेटिंगमध्ये जाऊन चालू करा.

३. पासवर्ड बदला आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. तुमचं अकाउंट दुसऱ्याच्या हाती गेलं तर तुमच्या स्पीकरमधून तो बोलेल. टू-वे व्हॉइस दोन्हीकडून चालतो, हे विसरू नका.

४. अॅपमध्ये कोणाकोणाला परवानगी दिली आहे ती यादी काढा. जुना रूममेट, आधीचा भाडेकरू अजून त्यात असेल तर आजच काढून टाका.

५. नेट गेलं तर काय? मदतीचा नंबर घरातल्या सगळ्यांना पाठ हवा. आपल्याकडे तो ११२ आहे.

पन्नास हजारांची यंत्रणा असो की दोन हजारांची, तिची किंमत एकाच गोष्टीवरून ठरवा. रात्री एकटं असताना टकटक झाली, तर दाराजवळ न जाता तुम्हाला बघता, बोलता आणि मदत मागता येते का? मेरी ब्राउन यांनी १९६६ मध्ये हेच मागितलं होतं, आणि तेही आतल्या माणसाच्या मर्जीने.